आयर्लंडमधले पब नेमके कोणाचे? ब्रुअरीच्या मालकीचे पब आणि कॉर्कची वेगळी वाट

लीकाठचा पांथस्थ

इंग्लंडमध्ये तीन वर्षं काढून मी आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या कॉर्क शहरात आलो, त्यालाही आता सात वर्षं झाली. इंग्लंडमधल्या पबच्या पाटीवर पबच्या नावासोबत बऱ्याचदा ब्रुअरीचं, म्हणजे बीअर बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. काही ठिकाणी मुद्दाम ‘फ्री हाऊस’, म्हणजे कुठल्याही ब्रुअरीला न बांधलेला पब, असं लिहिलेलं असतं. आयर्लंडमध्ये आलो आणि ही पाटी दिसेनाशी झाली. इथे दारावर माणसांची आडनावं असतात, केली, ओब्रायन, लिंच. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीचं बोधचिन्ह असलेली वीणा खिडकीत झळकते, पण दारावरचं नाव घरातल्या माणसाचंच. हा फरक कुठून आला, हे शोधता शोधता बरंच हाती लागलं. ते इथे मांडतोय.

आधी इंग्लंडची पद्धत थोडक्यात. पबची इमारत ब्रुअरी विकत घेते आणि भाडेकरूला चालवायला देते. भाडं तसं कमी, पण बीअर त्याच ब्रुअरीची आणि तिने ठरवलेल्या भावाने घ्यायची. म्हणजे खरं भाडं पिंपातून वसूल होतं. याला तिथे ‘टाय’ म्हणतात, आपण बांधील पब म्हणू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये नवे परवाने मिळणं अवघड झालं. आहेत तेवढेच पब म्हटल्यावर जो पब घेईल त्याचीच बीअर खपणार, हे उघड होतं. ब्रुअऱ्यांमध्ये पब विकत घेण्याची शर्यत लागली.

या शर्यतीला पैसा कुठून आला, हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. १८८६ साली डब्लिनच्या गिनेसने लंडनच्या शेअर बाजारात भागविक्री केली, साठ लाख पौंडांची. अर्जांची झुंबड उडाली. ते पाहून इंग्लंडमधल्या ब्रुअऱ्या एकापाठोपाठ एक बाजारात उतरल्या, आणि जमवलेल्या भांडवलातून त्यांनी पबांमागून पब घेतले. ज्या गिनेसने ही वाट दाखवली, तिने मात्र स्वतः पबांचं जाळं उभारलं नाही. ना आयर्लंडमध्ये, ना इंग्लंडमध्ये.

का नाही उभारलं? पैसा तर तेव्हा जगातल्या कुठल्याही ब्रुअरीपेक्षा जास्त होता. माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर दोन ठिकाणी आहे. इंग्लंडमध्ये गिनेसचा स्टाउट, म्हणजे काळी बीअर, दुसऱ्यांच्या बांधील पबांमधून विकला जायचा. तिथल्या ब्रुअऱ्यांना स्वतःची एल (इंग्लंडमधली पारंपरिक बीअर) विकायची होती, पण गिऱ्हाईक गिनेस मागतंय म्हटल्यावर तो ठेवावाच लागे. गिनेसने तिथे पब घ्यायला सुरुवात केली असती तर ती सगळ्यांची प्रतिस्पर्धी झाली असती आणि हजारो दारं बंद झाली असती. आणि आयर्लंडमध्ये गरजच नव्हती. कालवे आणि मग रेल्वे यांच्या जोरावर डब्लिनचा स्टाउट गावोगाव पोचत होता, आणि गावातल्या छोट्या ब्रुअऱ्या त्या भावाला, त्या दर्जाला टिकत नव्हत्या. सगळ्यांच्याच दुकानात तुमचा माल असेल तर दुकान विकत घेऊन काय करायचं?

आयरिश पबमालकही इंग्लंडच्या भाडेकरूसारखा नव्हता. पब म्हणजे बहुतेकदा किराणा दुकानही असे. पुढे चहा, साखर, डाळपीठ आणि मागे बार. काही गावांत तोच माणूस लोखंडी सामान विके, तोच अंत्यविधीची व्यवस्था पाही. गावात उधारी देणारा, निवडणुकीत वजन असलेला माणूस. डब्लिनच्या परवानाधारक पबमालकांची तर संघटनाही १८१७ पासूनची आहे. विक्रीत व्हिस्कीचा वाटा मोठा, त्यामुळे एकट्या ब्रुअरीच्या तालावर नाचायची आयरिश पबमालकाला गरज नव्हती.

आता कॉर्क. इथे चित्र उलटं आहे. विल्यम बीमिश आणि विल्यम क्रॉफर्ड यांनी १७९२ मध्ये साउथ मेन स्ट्रीटवर ब्रुअरी सुरू केली. १८५६ मध्ये जेम्स मर्फीने लेडीज वेल ब्रुअरी काढली, जुन्या अनाथाश्रमाच्या जागेवर. या दोघांनीही शहरात आणि आसपास पब ताब्यात ठेवले, काही मालकीने, काही दीर्घ भाडेपट्ट्याने, काही कर्जाने बांधून. १९०१ मध्ये कॉर्कमधल्या दोन लहान ब्रुअऱ्या गिळल्या गेल्या: लेनची साउथगेट ब्रुअरी बीमिशकडे आणि अर्नॉटची सेंट फिनबार ब्रुअरी मर्फीकडे. एका ब्रुअरीने दुसरी घेतली की तिच्याबरोबर तिचे पबही येत. कॉर्कमध्ये आजही वयस्कर माणसं ‘आमचा पब बीमिशचा’ किंवा ‘मर्फीचा’ असं सांगतात. गिनेस इथे कधी पूर्णपणे जिंकली नाही, याचं एक कारण मला हे पब वाटतात.

म्हणून माझं मत असं झालंय की इंग्लंडमध्ये पब विकत घेणं हे बलवानांचं हत्यार होतं, तर आयर्लंडमध्ये ते दुबळ्या बाजूचं कुंपण होतं. तुम्हाला काय वाटतं? इथे आयर्लंड-इंग्लंडमध्ये राहणारे बरेच जण आहेत, भर घाला.

---

अवकाळी

फार छान धागा. १८८६ चा भाग तर माहीतच नव्हता. वाचनखूण साठवली आहे.

---

नवी_पालवी

एक बाळबोध शंका विचारते. बांधील पब चालवणाऱ्या भाडेकरूचं त्यात काहीच भलं नव्हतं का? नसेल तर लोक कशाला घेत होते?

---

ट्रेंटकाठी

@नवी_पालवी, भलं होतं ना. मी इंग्लंडमधल्या बर्टनजवळ राहतो, इथे असे पब पिढ्यान्‌पिढ्या चाललेत. हातात पैसा नसलेल्या जोडप्याला थोड्या अनामत रकमेवर धंदा आणि वर राहायला घर मिळे. छप्पर गळलं तर बऱ्याच ठिकाणी ब्रुअरी दुरुस्त करून द्यायची. अडचण इतकीच की मेहनतीने पब चालायला लागला, तर वाढलेल्या विक्रीचा मोठा हिस्सा पिंपाच्या भावातून ब्रुअरीकडे जायचा, आणि पट्टा संपला की तुम्ही जोडलेलं गिऱ्हाईक तिचंच.

पांथस्थांनी इंग्लंडची कथा जिथे सोडली तिथून पुढे सांगतो, कारण आयर्लंडचं वेगळेपण त्यातच उठून दिसतं. १९८९ मध्ये इथल्या मक्तेदारी आयोगाचा बीअर पुरवठ्यावरचा अहवाल आला. तेव्हा सहा मोठ्या कंपन्या होत्या: बास, अलाइड, व्हिटब्रेड, करेज, ग्रँड मेट्रोपॉलिटन आणि स्कॉटिश अँड न्यूकॅसल. सरकारने हुकूम काढला की ज्या ब्रुअरीकडे २००० पेक्षा जास्त पब आहेत, तिने २००० च्या वरच्या निम्म्या पबांवरचं बंधन १ नोव्हेंबर १९९२ पर्यंत सोडायचं. भाडेकरूला बाहेरची एक पिंपातली एल ठेवायचीही मुभा दिली.

हेतू चांगला होता. पण हुकूम फक्त ब्रुअऱ्यांना लागू होता. त्यांनी हजारो पब विकले आणि ते गेले नव्या पब कंपन्यांकडे, एंटरप्राइज इन्स, पंच टॅव्हर्न्स वगैरे. त्या बीअर बनवत नव्हत्या, त्यामुळे हुकूम त्यांना लागूच झाला नाही. भाडेकरूचं बंधन तसंच राहिलं, फक्त दोरीचं टोक बीअर बनवणाऱ्याच्या हातातून जमीनजुमला सांभाळणाऱ्याच्या हातात गेलं. २००० मध्ये बास आणि व्हिटब्रेड या दोघांनी बीअर बनवण्याचा व्यवसायच विकून टाकला. मोठ्या पब कंपन्यांच्या भाडेकरूंना बंधनाऐवजी बाजारभावाने नुसतं भाडं मागण्याचा हक्क मिळाला तो थेट २०१६ मध्ये. मधल्या काळात किती पब बंद पडून तिथे फ्लॅट झाले, ते माझ्या रोजच्या फिरण्याच्या रस्त्यावरच दिसतं आणि वाईट वाटतं.

आणखी एक. १९९७ मध्ये गिनेस आणि ग्रँड मेट्रोपॉलिटन एकत्र येऊन डिआजिओ झाली. ग्रँड मेट्रोपॉलिटनने १९७२ मध्ये वॉटनी मान घेतली होती, म्हणजे एके काळी हजारो बांधील पबांची मालकीण. पब न घेता मोठी झालेली कंपनी आणि पबांवर मोठी झालेली कंपनी अशी एका घरात आली, पण तोवर ग्रँड मेट्रोपॉलिटनने ब्रुअऱ्या सोडून दिल्या होत्या.

---

मधुरा_डब्लिन

पांथस्थ, गिनेसला पब घ्यायची गरज नव्हती हे बरोबर, पण तिने पबमालकाला कसं बांधलं हे तुम्ही सांगितलं नाहीत. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मर्म तिथे आहे. ते बंधन एका कागदाच्या चिठोऱ्याचं होतं.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकातही बराच काळ गिनेस बाटल्यांमध्ये विकली जायची, पण त्या बाटल्या गिनेस भरत नसे. सेंट जेम्सेस गेट या गिनेसच्या डब्लिनमधल्या ब्रुअरीतून लाकडी पिंपं निघायची, ग्रँड कॅनॉलच्या होड्यांमधून किंवा रेल्वेने. पबमालक ती तळघरात उतरवून घ्यायचा, तिथेच बाटल्या धुऊन भरायचा, बूच मारायचा आणि काही दिवस मुरू द्यायचा. बाटलीतली बीअर चांगली की वाईट हे बऱ्याच अंशी त्या तळघरावर ठरे. डब्लिनमध्ये बारमागच्या पोऱ्याला ‘क्युरेट’ म्हणत, म्हणजे चर्चमधला कनिष्ठ पाद्री. या क्युरेटांच्या उमेदवारीची सुरुवात बाटल्या धुण्यापासूनच होई.

१८६२ मध्ये गिनेसने वीणेचं चित्र असलेलं लेबल आणलं. हे लेबल पबमालकाला मिळायचं, आणि त्यावर खाली त्या पबमालकाचं, गावाचं नाव छापलेलं असायचं. पण अट अशी की त्याने बाटलीतला दुसरा कुठलाही स्टाउट विकायचा नाही. जुन्या लेबलांवर तसं लिहिलेलं असतं, हे अमुक दुकानदार बाटलीतला दुसरा स्टाउट विकत नाहीत. इमारत पबमालकाची, परवाना त्याचा, नाव त्याचं, आणि तरी स्टाउट एकाच कंपनीचा. वर कंपनीचे फिरते निरीक्षक येऊन बाटल्यांचे नमुने तपासायचे.

माणसाला स्वतःचं नाव वीणेच्या शेजारी छापलेलं पाहायला आवडतं. मला वाटतं, गावातल्या दुकानदाराला ती प्रतिष्ठा होती, आणि ती कुठल्याही भाडेकरारापेक्षा घट्ट बसली. गिनेसने ब्रिटनमध्ये वर्तमानपत्रातली पहिली जाहिरात केली १९२९ मध्ये. तोवरची जाहिरात म्हणजे हे हजारो दुकानदार होते.

---

लीकाठचा पांथस्थ

मधुराताई, लेबलं मी पाहिली होती, पण त्यावरच्या ओळीचा अर्थ आत्ता नीट लागला. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

---

जुनी_बखर

धागा आवडला, पण ‘दुबळ्या बाजूचं कुंपण’ हे विधान मला मान्य नाही. १८३३ पर्यंत आयर्लंडमधली सगळ्यात मोठी ब्रुअरी गिनेस नव्हती, बीमिश अँड क्रॉफर्ड होती. आणि कॉर्कमधले पब बांधून ठेवायची चाल मर्फी यायच्या आधीपासूनची आहे. म्हणजे बीमिशने सुरुवात केली ती सगळ्यात बलवान असताना. कॉर्क हे त्या काळी लोणी, खारवलेलं मांस आणि जहाजांचं बंदर होतं. दाट वस्तीचं व्यापारी शहर आणि मोजकेच श्रीमंत ब्रुअर, तिथे इमारती घेणं सोपं होतं. गिनेसचा धंदा देशभर पसरलेला, कॉर्कच्या ब्रुअऱ्यांचा शहराभोवती. एका शहरातले पब विकत घेता येतात, एका देशातले नाही. माझ्या मते फरक बळाचा कमी आणि भूगोलाचा जास्त आहे.

दुसरं, १९०२ चा परवाना कायदा तुम्ही वगळलात. आयर्लंडमध्ये पब फार झाले म्हणून त्या वर्षीपासून नवे परवाने जवळपास बंद झाले. नवा हवा तर जुना रद्द करून घ्यावा लागे. तेव्हापासून आयरिश पबचा परवाना म्हणजे जणू सातबाराचा उतारा. तो बापाकडून मुलाकडे जातो, विकता येतो, त्यावर कर्ज मिळतं. इंग्लंडमध्ये परवान्यांची टंचाई झाली तेव्हा ब्रुअऱ्यांकडे भागविक्रीचा पैसा होता, त्यांनी पब घेतले. आयर्लंडमध्ये टंचाई आली तोवर बहुतेक ब्रुअऱ्या मरत होत्या आणि जी जगत होती तिला पब नको होते. त्यामुळे त्या टंचाईचा फायदा झाला पबमालक कुटुंबांना.

२००० च्या कायद्याने परवाना देशात कुठूनही कुठेही हलवायची मोकळीक दिली. मग खेड्यातल्या बंद पडलेल्या पबांचे परवाने सुपरमार्केटकडे गेले. कोणाच्या तरी आजोबांचा पब आता शहरातल्या एका दुकानाचा दारूविभाग आहे.

---

लीकाठचा पांथस्थ

@जुनी_बखर, भूगोलाचा मुद्दा पटला. बीमिशची सुरुवात दुबळेपणातून झाली नाही, तेवढं विधान मागे घेतो. पण १८८० नंतरच्या काळासाठी मी माझ्या मतावर आहे. तेव्हा गिनेस रेल्वेने मन्स्टर प्रांतात शिरत होती आणि या दोन ब्रुअऱ्यांनी आपले पब घट्ट धरून ठेवले. देशातल्या किती छोट्या ब्रुअऱ्या त्या काळात आणि पुढे बुडाल्या ते पाहा. खुद्द डब्लिनमध्ये डार्सीची अँकर ब्रुअरी १९२६ मध्ये बंद झाली, माउंटजॉय १९५६ मध्ये. कॉर्कच्या दोन्ही मात्र एकविसाव्या शतकापर्यंत पोचल्या.

मर्फीच्या उत्तरार्धात एक गोष्ट आहे जी आपल्या सहकाराच्या मातीतल्या वाचकांना आवडेल. १९६० च्या दशकात वॉटनी मान या इंग्लिश कंपनीचा मर्फीत शिरकाव झाला. मर्फीच्या ब्रुअरीत तेव्हा रेड बॅरल नावाची त्यांची बीअर बनू लागली. ते फार चाललं नाही. वॉटनी बाहेर पडल्यावर ब्रुअरी जगवायला सरकार पुढे आलं, आणि १९७० च्या दशकात पबमालकांच्या सहकारी संस्थेने तिच्यात मोठा वाटा घेतला. ब्रुअरीने पब घ्यायचे ही शंभर वर्षांची रीत, आणि इथे पबमालकांनी मिळून ब्रुअरी घेतली! गिनेसशिवाय दुसरा स्टाउट बाजारात राहावा, एवढीच त्यांची इच्छा असणार. तेही टिकलं नाही. १९८२ मध्ये दिवाळखोरी, १९८३ मध्ये ती हायनेकन या डच कंपनीने घेतली. पुढे २००८ मध्ये बीमिशही हायनेकनकडे गेली आणि २००९ मध्ये साउथ मेन स्ट्रीटवरची ब्रुअरी बंद झाली. आता बीमिश आणि मर्फी एकाच आवारात, लेडीज वेलमध्ये बनतात. दीडशे वर्षं एकमेकांचे पब मोजणारे दोघे.

---

लॅगनचा वारा

बेलफास्टहून लिहितोय. उत्तर आयर्लंड विसरू नका, ब्रिटनचा भाग असल्यामुळे इथे इंग्लिश ब्रुअऱ्यांचा हात जास्त पोचला. बासची इथे स्वतःची ब्रुअरी होती, ग्लेन रोडवर, थॉमस कॅफ्रीने उभारलेली, आणि पबही होते. इथला क्राउन लिकर सलून प्रसिद्ध आहे, व्हिक्टोरियन फरशा, रंगीत काचा, गॅसचे दिवे आणि दार लावून बसायचे लाकडी कप्पे. तो १९७८ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसावास्तू जपणाऱ्या संस्थेने घेतला. पण चालवते मिचेल्स अँड बटलर्स, जी मूळ बासमधून निघालेली कंपनी. ट्रेंटकाठी यांनी सांगितलेला सगळा प्रवास त्या एका दारावर दिसतो.

---

खडकीकर

आपल्याकडे पुण्यात २००९ मध्ये डूलली सुरू झालं, देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक. तिथे बीअर बनवायची आणि तिथेच विकायची. म्हणजे ब्रुअरीचा पबच झाला की. आयर्लंडमध्ये असं काही आहे का, की सगळं गिनेस आणि हायनेकनच?

---

मधुरा_डब्लिन

@खडकीकर, आहे, आणि इथेच पांथस्थांचं कुंपण पुन्हा उभं राहतं. १९९५ मध्ये क्लेअर परगण्यातल्या इनॅ गावी बिडी अर्ली नावाची पबमधली ब्रुअरी निघाली. १९९६ मध्ये डब्लिनच्या टेंपल बारमध्ये पोर्टरहाऊस सुरू झालं, ऑलिव्हर ह्यूज आणि लिअम लाहार्ट या दोघांचं. डब्लिन शहराच्या मधोमध पब काढायचा आणि गिनेस ठेवायची नाही! स्वतःचे तीन स्टाउट, स्वतःच्या लागर (फिकट रंगाच्या बीअर). लोकांनी वेड्यात काढलं असणार. पोर्टरहाऊस चाललं, वाढलं. २००९ मध्ये गॉलवेच्या सॉल्टहिल भागातल्या एका पबमध्ये गॉलवे बे ब्रुअरी सुरू झाली, तिनेही मग गॉलवे आणि डब्लिनमध्ये आपले पब घेतले.

असं करावं लागतं कारण १९५९ नंतर बंधनाचं रूप बदललं. त्या वर्षी गिनेसमधल्या मायकेल ॲश नावाच्या गणितज्ञाने नायट्रोजनवर स्टाउट ओतायची पद्धत बसवली. तळघरातलं बाटल्या भरणं मागे पडत गेलं आणि धातूची पिंपं, गॅस, थंड करणारी यंत्रं, नळ आले. ही सामग्री ब्रुअरी बसवून देते, सांभाळते. पबमालक आजही स्वतंत्र आहे, पण बारवर नळांना जागा मोजकी, आणि ती भरलेली असते. छोट्या ब्रुअरीचा माणूस पिंप घेऊन आला तरी ते लावायचं कुठे?

---

ट्रेंटकाठी

मधुराताई, नळ बसवून देणं आणि इमारतीची मालकी हे मी एका मापाने मोजणार नाही. तुमचा पबमालक उद्या सकाळी ठरवून नळ बदलू शकतो. आमच्या भाडेकरूने तसं केलं तर त्याचा करार मोडतो.

---

मधुरा_डब्लिन

मान्य. कायद्याने तो मोकळाच आहे. पण गिनेस काढून टाकून डब्लिनमध्ये पब चालवायचा म्हणजे पोर्टरहाऊसएवढं धाडस हवं. २०१४ मध्ये वेदरस्पून या ब्रिटिश पब कंपनीने डब्लिनजवळच्या ब्लॅकरॉकला आयर्लंडच्या प्रजासत्ताकातला आपला पहिला पब काढला, तेव्हा भावावरून न जमल्यामुळे तिथे गिनेस नव्हती. त्याची केवढी बातमी झाली होती! एका पबमध्ये एक बीअर नाही, ही बातमी होते, यातच काय ते आलं.

---

नवी_पालवी

माझ्या एका बाळबोध शंकेवर एवढं मिळालं, सगळ्यांचे आभार. छोट्या ब्रुअऱ्यांना पब न घेता थेट विकता येत नाही का?

---

लीकाठचा पांथस्थ

२०१८ पर्यंत तेही अवघड होतं. पर्यटक ब्रुअरी पाहायला यायचे आणि पब किंवा दुकानाचा परवाना नसलेल्या ब्रुअरीला त्यांना आपलीच बाटली विकता येत नसे. २०१८ च्या कायद्याने भेटीला आलेल्यांना तिथल्या तिथे विकायची परवानगी मिळाली. उत्तम झालं, पण रोजचं गिऱ्हाईक ब्रुअरीपाशी येत नाही, ते कोपऱ्यावरच्या पबात जातं. इथे कॉर्कमध्ये १९९८ मध्ये फ्रॅन्सिस्कन वेल निघाली, जुन्या मठाच्या जागेवर, पब आणि ब्रुअरी एकत्र. २०१३ मध्ये ती मोल्सन कूर्स या बड्या परदेशी बीअर कंपनीने घेतली. म्हणजे कुंपण घातलं तरी कुंपणासकट विकत घेणारे येतातच, हेही इथे नोंदवून ठेवतो.

मधुराताईंच्या प्रतिसादानंतर काल संध्याकाळी ओळखीच्या एका पबमध्ये गेलो. बारच्या मागे चौकटीत एक लेबल आहे, वर्षानुवर्षं पाहत होतो. या वेळी मालकाकडून काढून घेऊन जवळून वाचलं. वीणा मधोमध आणि खाली त्याच्या पणजोबांचं नाव. गाव मात्र कॉर्कचं नाही, टिपेररीचं. ‘कॉर्कमध्ये असता तर हे लेबल मिळालं नसतं,’ तो म्हणाला. ‘इथे आजोबा आले आणि त्यांनी जो पब घेतला, तो मर्फीचा होता.’